प्राध्यापक गोखले ते नामदार गोखले : वर्गातून कौन्सिलात जाताना नेमके काय काय लागले?

खडूफळा

गोपाळ कृष्ण गोखल्यांची ओळख बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकते. फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक होते, मग राजकारणात गेले. त्या 'मग'मध्ये पंधरा वर्षे दडली आहेत आणि तिकडे फारसे कोणी बघत नाही. धागा त्यासाठी आहे. नोकरीचा करार काय होता, कौन्सिलची जागा मिळायची कशी, अंदाजपत्रकावरचे भाषण उभे कसे राहायचे आणि कुठे फसले, एवढ्यावर बोलू. टिळक-गोखले कुस्तीसाठी आंतरजालावर पुरेसे आखाडे आहेत, ती इथे नको.

आधी सनावळी टाकतो. चुकत असेल तर दुरुस्त करा.

१८६६ : जन्म, कोतळूक (ता. गुहागर).
१८८४ : एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए.
१८८५ : पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक. पुढच्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद.
१८८९ : काँग्रेसमध्ये.
१८९० : सार्वजनिक सभेचे (पुण्यातली राजकीय संस्था) चिटणीस.
१८९७ : वेल्बी कमिशनपुढे लंडनला साक्ष.
१८९९ : मुंबई कायदे कौन्सिल.
१९०१ अखेर : व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलवर निवड. मार्च १९०२ मध्ये अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण.
१९०२ : फर्ग्युसनमधून निवृत्त.
१९०५ : भारत सेवक समाज, आणि त्याच वर्षी बनारस काँग्रेसचे अध्यक्षपद.
१९१५ : निधन, वय ४८.

शेवटच्या ओळी सोडून मधल्या पुन्हा वाचा. १९०२ साली कॉलेज सुटले तेव्हा माणूस तीन वर्षे आमदार होता. त्यामुळे 'प्राध्यापकी सोडून राजकारणात उडी' हे वर्णन मला पटत नाही.

---

सनावळी

उडी नव्हतीच, सहमत. पण नोकरीचा करार समजून घेतल्याशिवाय हे कोडे सुटत नाही. आजीव सभासद म्हणजे वीस वर्षे संस्थेत काम करण्याचे बंधन, पगार महिना ७५ रुपये. त्या काळच्या बी. ए.ला सरकारी खात्यात याहून बरे मिळे. शिवाय आजीव सभासदांनीच संस्था चालवायची, म्हणजे शिकवणे, वर्गणी गोळा करणे, हिशेब ठेवणे, इमारतीचे बघणे, सगळे आलेच.

१८९० सालचा वाद याच करारावरचा आहे. सभासदाने बाहेरची कामे किती घ्यावीत? सार्वजनिक सभेचे चिटणीसपद हे रोजचे काही तास खाणारे काम. टिळकांचा आक्षेप होता की आजीव सभासदाचा वेळ संस्थेचा आहे. टिळक संस्थेतून बाहेर पडले त्याची अनेक कारणे आहेत, पण शेवटचे निमित्त हे. (धागाकर्ते, कुस्ती नाही करत, करारातला मुद्दा सांगतेय.)

गंमत अशी की टिळकांच्या आक्षेपातली वस्तुस्थिती बरोबरच होती. गोखल्यांनी पुढची बारा वर्षे संस्थेचे काम आणि बाहेरचे सार्वजनिक काम एकाच वेळी केले. म्हणजे संक्रमण झाले ते नोकरीच्या आत, बाहेर नव्हे.

---

शंकेखोर

एक मूलभूत शंका. गोखल्यांना 'स्कॉलर' म्हणावे का? बी. ए., कायद्याचा अभ्यास अर्धवट सोडलेला, संशोधनपर ग्रंथ एकही नाही. त्यांचे सर्वांत खपलेले पुस्तक म्हणजे अंकगणिताचे क्रमिक पुस्तक! विद्वान म्हणायचे तर रानडे, भांडारकर, तेलंग. गोखले उत्तम शिक्षक होते, एवढेच.

---

ताळेबंद

शंकेखोर, आक्षेप अर्धा मान्य. ग्रंथ नाही हे खरे. पण अंकगणिताच्या पुस्तकाला हसू नका, तिथेच उत्तर आहे.

कॉलेजात ते सुरुवातीला इंग्रजी आणि गणित शिकवत, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र. जो विषय रिकामा पडेल तो घ्यायचा आणि आदल्या रात्री तयार करून दुसऱ्या दिवशी शिकवायचा, अशी नोकरी. यातून जो माणूस तयार होतो त्याच्याकडे दोन गोष्टी येतात : अपरिचित मजकूर झटपट पचवणे, आणि आकडा न घाबरता हाताळणे. कौन्सिलात याच दोन लागत.

आणि खरी पीएच. डी. म्हणाल तर ती रानड्यांकडे झाली. १८८७ च्या सुमारास ओळख झाली, १९०१ मध्ये रानडे वारले. चौदाएक वर्षे. काम काय? सार्वजनिक सभेचे त्रैमासिक चालवणे, सरकारला पाठवायच्या अर्जांचे मसुदे करणे, सरकारी अहवालांतून उतारे काढणे. रानडे मसुदा परत पाठवायचे, पुन्हा लिहायला लावायचे. अर्जाचे उत्तर बहुधा एका ओळीत येई किंवा येतच नसे, तरी मसुदा पक्का हवा हा आग्रह. आजच्या भाषेत मार्गदर्शक, जर्नल आणि कठोर रेफ्री एकाच घरात.

---

मोडीवाचक

ताळेबंद यांच्या प्रतिसादात एक नाव राहिले, गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरच्या सरकारी हायस्कूलचे हेडमास्तर. हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे आकडे त्यांच्याइतके कोणाला पाठ नसत. सरकारी नोकर असल्याने स्वतः व्यासपीठावर जाता येत नव्हते. त्रैमासिकातले आर्थिक लेख त्यांचे, आणि वेल्बी कमिशनच्या साक्षीची तयारी रानडे आणि जोशी या दोघांनी करून घेतलेली.

म्हणून गोखल्यांच्या भाषणांना 'एकट्याची प्रतिभा' म्हणणे चूक. मागे आकडे तपासणारा एक माणूस होता जो चुका पुण्यातच पकडायचा, कलकत्त्याला पोचू द्यायचा नाही. कॉलेजातून राजकारणात जाणाऱ्या बऱ्याच मंडळींचे इथे चुकते. स्वतःला विषय येतो म्हणून दुसऱ्याकडून तपासून घेत नाहीत.

---

गुहागरी

+१. जोशींवर वेगळा धागा हवा.

कौन्सिलच्या जागेबद्दल लिहितो, कारण 'निवडून आले' म्हटले की आजचा प्रचार डोळ्यांपुढे येतो. तसे काही नव्हते.

१८६१ च्या कायद्याने कौन्सिलात बिनसरकारी सभासद आले, पण नवा कर बसवायचा असेल तेव्हाच जमाखर्चावर बोलता येई. १८९२ च्या कायद्याने तीन गोष्टी बदलल्या : अंदाजपत्रकावर दरवर्षी चर्चा, प्रश्न विचारण्याचा हक्क, आणि काही जागा संस्थांच्या शिफारशीने भरणे. कायद्यात 'निवडणूक' शब्दच नाही. संस्था नाव सुचवणार, सरकार नेमणूक करणार. सुचवलेले नाव सरकार सहसा नाकारत नसे, म्हणून व्यवहारात ती निवडणूक.

पहिली पायरी मुंबई कौन्सिल. तिथे मध्य विभागातील स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी मत देत. म्हणजे पुणे, नगर, सातारा, सोलापूर अशा गावच्या पुढाऱ्यांची मर्जी लागे.

दुसरी पायरी व्हाइसरॉयचे कौन्सिल. मुंबई कौन्सिलातले बिनसरकारी सभासद मिळून एक नाव सुचवत. मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ही जागा फिरोजशहा मेहतांकडे होती आणि प्रकृतीमुळे ते सोडणार होते. जानेवारी १९०१ मध्ये गोखल्यांनी मेहतांना पत्र लिहून जागेसाठी पाठिंबा मागितला. कॉलेजातून मोकळे होऊन पूर्ण वेळ सार्वजनिक कामाला द्यायचा बेत त्यात आहे, आणि १८९७ चा डाग धुऊन काढायची इच्छाही आहे. मेहता अनुकूल झाल्यावर बाकीचे सोपे होते.

मधल्या काळात, ऑगस्ट १९०१ मध्ये मुंबई कौन्सिलात जमीन महसुलाचे विधेयक आले. सारा थकल्याने जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकण्या-गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा, असे त्याचे स्वरूप. मेहता आणि त्यांच्याबरोबर गोखले व आणखी काही सभासद सभात्याग करून गेले. मवाळ म्हणजे कायम गुळमुळीत, अशी समजूत असेल त्यांनी हे नोंदवून ठेवावे.

---

खडूफळा

गुहागरी, मस्त. '१८९७ चा डाग' म्हणालात, त्यावर कोणीतरी सविस्तर लिहा. माझ्या मते या कारकिर्दीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे.

---

सनावळी

लिहिते. एकाच इंग्लंड दौऱ्यात दोन प्रसंग घडले आणि ते शेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

प्रसंग पहिला, एप्रिल १८९७. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारे रॉयल कमिशन, अध्यक्ष लॉर्ड वेल्बी. डेक्कन सभेने (रानडे-गोखल्यांच्या गटाची पुण्यातली राजकीय संस्था) गोखल्यांना पाठवले. बरोबर दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, जी. सुब्रमण्य अय्यर. गोखले तिशीचे, सगळ्यांत लहान. पद्धत अशी की आधी लेखी निवेदन द्यायचे, मग त्यावर उलटतपासणी. निवेदनाचे भाग कमिशनच्या कार्यकक्षेप्रमाणेच पाडलेले : खर्चावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा, खर्चाची वाढ, आणि इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यात खर्चाची वाटणी. प्रत्येक विधानामागे सरकारचाच छापील आकडा. उलटतपासणीत ते टिकले.

प्रसंग दुसरा, जुलै १८९७. पुण्यात प्लेगची घरतपासणी सोल्जरांकडून चालली होती आणि लोक खवळले होते. २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोखल्यांना पुण्याहून स्नेह्यांची पत्रे येत होती. त्यांच्या आधारे त्यांनी मँचेस्टर गार्डियनला सांगितले की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीने जीव दिला. पार्लमेंटात खळबळ उडाली, मुंबई सरकारने साफ इन्कार केला, पुरावा मागितला. पुण्याचे स्नेही नाव पुढे करायला तयार नव्हते. रँडच्या खुनानंतर धरपकड चालू असताना कोण तयार होणार? परतल्यावर गोखल्यांनी आरोप मागे घेतले आणि जाहीर, बिनशर्त माफी मागितली.

माणूस तोच, दौरा तोच, मध्ये तीन महिने. एप्रिलमध्ये हातात छापील कागद होते, जुलैमध्ये खासगी पत्रे. पत्रे खोटी होती असे मी म्हणत नाही. पण ज्या पुराव्याचा मालक साक्षीला उभा राहणार नाही तो पुरावा वर्गात चालेल, वर्तमानपत्रात चालत नाही.

---

शंकेखोर

माफी बिनशर्त मागायची गरज होती का? 'सिद्ध करू शकत नाही, म्हणून मागे घेतो' एवढे पुरले असते. सोल्जरांची, गव्हर्नरांची, सगळ्यांची माफी मागून त्यांनी पुण्यातली पत घालवली.

---

सनावळी

शंकेखोर, पत गेली हे खरेच. हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. माझे मत असे की इथे प्राध्यापकाची सवय आड आली. चूक छापली तर तितक्याच ठळक शुद्धिपत्र द्यायचे ही अभ्यासकाची रीत. राजकारणात पूर्ण माफी म्हणजे शरणागती असा अर्थ लावला जातो. एक मात्र झाले : त्यानंतरच्या अठरा वर्षांत त्यांचा एखादा मोठा आरोप पुराव्याअभावी परत घ्यावा लागला असे दिसत नाही. चटका बसला होता.

---

ताळेबंद

आता माझ्या आवडत्या भागाकडे. २६ मार्च १९०२ चे भाषण. याचे गुणगान खूप होते, पण आत काय आहे ते कोणी उलगडत नाही. मी जमेल तसे उलगडतो.

परिस्थिती : सलग शिलकीची अंदाजपत्रके. १९०१-०२ ची शिल्लक सुमारे सात कोटी रुपये. त्याच्या आधी दोन भीषण दुष्काळ. सगळे सभासद वित्तमंत्री एडवर्ड लॉ यांचे अभिनंदन करत होते. गोखल्यांनी अभिनंदन करायला नकार दिला.

मुद्दा क्र. १, शिल्लक आली कुठून? लोक श्रीमंत झाले म्हणून नाही, हुंडणावळीने (रुपया-पौंडाच्या विनिमयदराने). हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडात पौंडांत खर्च करावा लागे (होम चार्जेस : पेन्शनी, व्याज, लष्करी देणी, सामान). महसूल रुपयांत. रुपयाचा भाव १८९४-९५ मध्ये १३ पेन्सांच्या आसपास घसरला होता. टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्यावर (म्हणजे लोकांना चांदी देऊन रुपये पाडून घेता येईनासे झाल्यावर) तो चढत १६ पेन्सांवर स्थिर झाला. आता गणित करा. एक कोटी पौंड म्हणजे २४० कोटी पेन्स.

१३ पेन्सांच्या भावाने : १८ कोटी ४६ लाख रुपये.
१६ पेन्सांच्या भावाने : १५ कोटी रुपये.

दर कोटी पौंडांमागे साडेतीन कोटी रुपये वाचले. होम चार्जेस दीड कोटी पौंडांच्या वर होते, म्हणजे नुसत्या हुंडणावळीने पाच कोटींच्या वर बचत. सातातले पाच तिथेच गेले.

मुद्दा क्र. २, जेव्हा रुपया घसरत होता तेव्हा तूट भरून काढायला कर वाढवले होते. त्यात मिठावरचा कर १८८८ मध्ये मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये केला (हा सरकारी मण, साधारण ३७ किलो). रुपया सावरला, कारण संपले, कर मात्र तसाच. म्हणजे शिल्लक हे यशाचे लक्षण नसून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याचा पुरावा आहे. हा युक्तिवादाचा कणा.

मुद्दा क्र. ३, मिठाचा खप. कर वाढल्यावर लोकसंख्येच्या मानाने खप वाढत नाही. मीठ कोणी चैन म्हणून खात नाही, त्याचा खप अडला म्हणजे गरीब माणूस पोटाला चिमटा घेतोय. सरकारच्याच तक्त्यातून गरिबीचे मोजमाप काढले, वेगळे सर्वेक्षण लागले नाही.

मुद्दा क्र. ४, मागणी नेमकी. मिठाचा कर कमी करा, प्राप्तिकराची माफीमर्यादा ५०० वरून १००० रुपये करा, कापडावरचा अबकारी कर काढा. नुसते 'जनतेला दिलासा द्या' नाही.

---

मोडीवाचक

ताळेबंद, जबरदस्त. थोडी भर घालतो, तंत्राबद्दल.

अंदाजपत्रकाच्या आकड्यांचे तीन थर असतात : अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष हिशेब. नवखा माणूस फक्त चालू वर्षाचा अंदाज बघतो. गोखले तिन्ही थर अनेक वर्षांचे शेजारी शेजारी मांडत, आणि मग दिसे की वित्तखाते दरवर्षी जमा मुद्दाम कमी धरते आणि वर्षअखेर 'अनपेक्षित' शिल्लक निघते. दरवर्षी अनपेक्षित? हा प्रश्न विचारायला आरडाओरडा लागत नाही.

दुसरे, तुलना करण्याआधी आकडे एका पायावर आणणे. काही तक्ते पौंडांत, काही रुपयांत. रेल्वे आणि अफू यांची जमा कधी ढोबळ, कधी निव्वळ. दुष्काळाचा खर्च एखाद्याच वर्षी फुगलेला. हे वेगळे न काढता दहा वर्षांची वाढ काढली तर वित्तसचिव एका वाक्यात उडवतो. पुष्कळ सभासद असेच उडाले.

तिसरे, वेळ. वित्तनिवेदन मांडले की चर्चेला मोजके दिवस मिळत. एवढ्यात सगळे शून्यापासून करणे अशक्य. मागच्या वर्षांचे तक्ते आधीच तयार ठेवायचे आणि नव्या निवेदनातून फक्त शेवटचा रकाना भरायचा.

---

शंकेखोर

पण मत देता येत नव्हते ना? १९०२ मध्ये अंदाजपत्रकावर मतदान नाही, कपातसूचना नाही. मग भाषणाने साधले काय?

---

ताळेबंद

हाच तर खुबीचा भाग. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कानामात्रा बदलत नसे, कारण ते ठरूनच आलेले. भाषण असे पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी. निकाल बघा :

मिठाचा कर १९०३ मध्ये २ रुपये, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये १ रुपया.
प्राप्तिकराची माफीमर्यादा १९०३ मध्ये १००० रुपये.

गोखल्यांमुळेच झाले असे म्हणणे बरोबर नाही. शिल्लक होतीच, आणि व्हाइसरॉय कर्झनलाही काहीतरी जाहीर करायचे होते. पण कोणता कर कमी करायचा हे त्यांनी आयते मांडून ठेवले होते. शिवाय कर उतरल्यावर खप वाढला, म्हणजे त्यांचे निदानही खरे ठरले.

आता न झालेल्या गोष्टी. कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर १९२५ पर्यंत हलला नाही. लष्करी खर्चाला धक्का लागला नाही. युक्तिवाद तिथेही तितकाच घट्ट होता. फरक असा की मिठाचा कर कमी झाल्याने इंग्लंडात कोणाचे बिघडत नव्हते. कापडाच्या करामागे लँकेशायर (इंग्लंडातला कापडगिरण्यांचा भाग) उभे होते. आकड्यांनी सरकार हलते ते दुसऱ्या बाजूला कोणी जोर लावत नसेल तर.

---

गुहागरी

शेवटच्या वाक्याशी सहमत, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण प्राथमिक शिक्षणाचे विधेयक.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर कौन्सिल मोठे झाले, ठराव मांडता येऊ लागले, त्यावर मतदान होऊ लागले. वरच्या कौन्सिलात सरकारी बहुमत मात्र शाबूत. गोखल्यांनी नव्या हत्याराचा लगेच वापर केला. फेब्रुवारी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताला करारबद्ध मजूर पाठवणे थांबवण्याचा ठराव मांडला. सरकारने मानला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली. मार्च १९१० मध्ये सक्तीच्या शिक्षणाचा ठराव मांडला, तो आश्वासनावर मागे घेतला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारात स्वतंत्र शिक्षणखाते निघाले.

मग १६ मार्च १९११ ला विधेयक. तपशील बघण्यासारखा आहे :

सक्ती देशभर नाही. नगरपालिका किंवा जिल्हा बोर्डाने ठरवले तर, आणि सरकारची आगाऊ मंजुरी घेऊन.
त्या भागात शाळेच्या वयाची ठराविक टक्के मुले आधीच शाळेत असली पाहिजेत. गोखल्यांच्या मनात एक तृतीयांश.
वय ६ ते १०, आधी मुलगे. मुलींची सक्ती नंतर, परिस्थिती बघून.
महिना १० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांना फी माफ.
स्थानिक संस्थेला शिक्षणपट्टी बसवण्याचा हक्क.
खर्चाची वाटणी नियमांनी ठरवायची. त्यांचा हिशेब दोन तृतीयांश सरकार, एक तृतीयांश स्थानिक संस्था.

इंग्लंडचे १८७० आणि १८७६ चे कायदे आणि आयर्लंडचा १८९२ चा कायदा समोर ठेवून मसुदा केलेला. घरचा दाखला बडोद्याचा, सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर सक्ती केली होती. सरकारला नाही म्हणायला जागाच उरू नये इतका सावध मसुदा.

तरी सरकार नाही म्हणाले. मते मागवली तेव्हा प्रांतिक सरकारे विरोधात गेली. मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा होऊन १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक पडले.

---

शंकेखोर

३८ सगळे सरकारी नव्हते, हे पण लिहा. काही हिंदी जमीनदार सभासदही विरोधात होते. शेतावरचा मुलगा शाळेत गेला तर गुरे कोण राखणार, आणि वर पट्टी कोण भरणार?

दुसरे असे की मसुदा इतका सावध करून त्यांनी आपल्याच बाजूचा उत्साह घालवला. ज्यांना सक्ती हवी त्यांना वाटले यात काही होणार नाही, ज्यांना नको त्यांना ही पाचर वाटली. प्राध्यापकी तडजोड : दोन्ही बाजूंचे आक्षेप आधीच मान्य करून टाकायचे.

---

सनावळी

जमीनदारांबद्दल बरोबर. सावधपणाबद्दल मी असहमत. खासगी सभासदाला सरकारी तिजोरीवर बोजा टाकणारे विधेयक सरकारच्या संमतीशिवाय आणता येत नव्हते. म्हणून ऐच्छिक स्वरूप आणि म्हणूनच वाटणी नियमांवर सोडलेली. ही स्वभावाची नव्हे, कायद्याची मर्यादा. उणीव कुठे शोधायचीच तर ती अशी : पाठिंबा मागायला ते सभांमधून आणि वर्तमानपत्रांतून गेले खरे, पण गावोगाव अशी संघटना नव्हती जी स्थानिक बोर्डांना ठराव करायला लावेल.

---

मोडीवाचक

संघटनेवरून भारत सेवक समाज. १२ जून १९०५, फर्ग्युसनमागच्या टेकडीवर शपथविधी. पहिले तीन सदस्य द्रविड, पटवर्धन, देवधर.

रचना बघितली तर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचाच साचा. आजीव बांधिलकी, निर्वाहापुरते वेतन, कुटुंबाची जबाबदारी संस्थेकडे. फक्त शिकवण्याच्या जागी राजकारण. सात शपथा, त्यात स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्च न करण्याची एक आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण न करण्याची एक (पुण्यात ही दुसरी जास्त कठीण). उमेदवारी पाच वर्षांची : तीन वर्षे पुण्यात ग्रंथालयात अभ्यास, दोन वर्षे देशभर प्रवास.

पाच वर्षे अभ्यास करून मग राजकारण! यातून माणसे उत्तम निघाली पण थोडी निघाली. देवधरांनी सहकार आणि स्त्रीशिक्षण धरले. मद्रासकडच्या एका हायस्कूलचे हेडमास्तर श्रीनिवास शास्त्री १९०७ मध्ये आले आणि गोखल्यांनंतर अध्यक्ष झाले. पण १९१५ नंतर राजकारणाचा वेगच असा वाढला की पाच वर्षे ग्रंथालयात बसायला कोणी तयार होईना.

---

खडूफळा

सगळ्यांचे आभार. शिक्षण विधेयकाचा शेवट अजून राहिलाय. तो पुन्हा फर्ग्युसनमधूनच जातो असे ऐकले आहे.

---

गुहागरी

हो, र. पु. परांजपे. १८९९ चे सीनियर रँग्लर (केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले), गोखल्यांचे विद्यार्थी. १९०२ मध्ये, म्हणजे गोखले निवृत्त झाले त्याच साली, फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

मधला टप्पा १९१८ चा. विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कौन्सिलात विधेयक आणले आणि नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा मिळाली. फक्त शहरे, आणि सरकारने किती पैसे द्यायचे याचे बंधन नाही.

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतात द्विदल पद्धत आली. शिक्षण लोकनियुक्त मंत्र्याकडे, तिजोरी मात्र गव्हर्नरच्या राखीव बाजूला. १९२१ मध्ये परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले आणि १९२३ चा प्राथमिक शिक्षण कायदा त्यांच्या कारकिर्दीत झाला. प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे, त्यांनी सक्तीची योजना करायची, आणि मंजूर योजनेच्या वाढीव खर्चात सरकारचा वाटा जिल्हा लोकल बोर्डांना दोन तृतीयांश, नगरपालिकांना निम्मा. गोखल्यांचे प्रमाण अकरा वर्षांनी कायद्यात आले.

---

ताळेबंद

आणि मग द्विदल पद्धतीचीच अडचण. योजना मंजूर केली की सरकारी वाटा द्यावा लागणार, वाटा द्यायला पैसे राखीव बाजूकडून मागायचे. त्यामुळे योजना मंजूर करतानाच हात आखडता. १९१२ मध्ये कायदा नव्हता, १९२३ मध्ये कायदा होता आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे.

अवांतर : धनंजयराव गाडगीळ हा याच वंशावळीतला पुढचा माणूस. गोखल्यांच्या नावाच्या अर्थशास्त्र संस्थेचे १९३० पासून संचालक, १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष. राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे त्यांचे सूत्र (६० टक्के लोकसंख्येवर, बाकी चार निकषांना दहा-दहा टक्के) म्हणजे पुन्हा खर्चाच्या वाटणीचाच प्रश्न. पण गाडगीळांवर इथे सुरू केले तर धागा भरकटेल. नवा काढतो, दुवा इथे देईन.

---

शंकेखोर

काढा. तिथे पहिला आक्षेप माझा : साठ टक्के लोकसंख्येला का?